बिरोबापुढची रायफल

खंडेनवमीला आमच्या अंगणात बोकड पडतो. मान एका घावात सुटली पाहिजे. दुसरा घाव घालावा लागला तर कापणाऱ्याची वर्षभर टिंगल होते. रक्त परातीत धरतात आणि त्यात बोट बुडवून मी समोर मांडलेल्या प्रत्येक हत्याराला टिळा लावते. कुऱ्हाडी, कोयते, भाले, तलवारी, एक गंजकी गुप्ती आणि गावातल्या परवान्याच्या बंदुका. मी जन्मभर मराठी शाळेत मास्तरीण होते. पोरांना अहिंसेवर निबंध लिहायला लावले आणि दर नवमीला हे बोट बुडवलं. कुणाला त्यात विसंगती दिसत असेल तर खुशाल दिसो.

आमचं घर धनगराचं. मेंढरं केव्हाच गेली, आता तूर, सोयाबीन आणि थोडा ऊस आहे. पण बिरोबाचं ठाणं आमच्याच सोप्यात आहे, म्हणून नवमीला सगळ्या गावाचं लोखंड आमच्याकडे येतं. देवापुढे एक रात्र राहतं आणि दसऱ्याला, आपट्याची पानं वाटायच्या आधी, ज्याचं तो घेऊन जातो. नियम एकच आहे: ज्या हातानं ठेवलं त्याच हातानं उचलायचं. बापानं ठेवलेलं लेकानं उचलायचं नाही, बायकोनं ठेवलेलं नवऱ्यानं उचलायचं नाही. आणि दसऱ्याला जे उचललं गेलं नाही, ते पुढच्या नवमीपर्यंत देवाचं.

या नियमाला पहिल्यांदा कामाला लावलं माझ्या सासूनं. सासऱ्यानं एकदा भाजीत मीठ जास्त झालं म्हणून कुऱ्हाड उगारली. सासूनं डोकं वाचवायला डावा हात वर केला आणि त्या हाताची दोन बोटं चुलीपुढे पडली. पुढच्या नवमीला तिनं तीच कुऱ्हाड स्वतः आणून देवापुढे ठेवली. दसऱ्याला सासरा म्हणाला, "जा, उचल." ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, ती सोलतच राहिली. मेली तरी तिनं ती उचलली नाही. सासऱ्यानं औरादच्या बाजारातून नवी कुऱ्हाड आणली, पण दर नवमीला त्या जुन्या कुऱ्हाडीशेजारी उभं राहून त्याला सगळ्या गावादेखत आरती म्हणावी लागली. त्यानंतर त्यानं तिला मारलं नाही असं नाही. हातानं मारलं, लोखंडानं नाही.

बायकांचं लक्ष असतंच. हळूहळू एकेक जण आपल्या घरातलं काही ना काही आणून ठेवायला लागली आणि न्यायला विसरायला लागली. ऊसतोडीला जाणारीनं कोयता ठेवला, तिच्या खांद्यावर त्याची खूण आहे. खाटकाच्या घरातली बाई सत्तूर ठेवून म्हणाली, "रखी सो रखी, अक्का." बौद्ध वस्तीतली एक जण लोखंडी पहार घेऊन आली. देवाकडे तिनं बघितलंही नाही. "आमी देव मानत न्हाई, अक्का. ही देवाला न्हाई, तुमाला ठेवायले." मी म्हटलं, ठेव. तिच्या नवऱ्यानं त्या पहारीनं तिच्या भावाची नडगी फोडली होती.

नवऱ्यांनी या बायकांना मारून-मुटकून ते परत उचलायला का लावलं नाही, असं बाहेरची माणसं मला विचारतात. अहो, उचलायला लावायचं म्हणजे चारचौघांत येऊन सांगायचं की हे माझं आणि मी यानं अमुक केलं. त्यापेक्षा बाजारात नवा कोयता घेणं सोपं. लाज राखून नवं लोखंड मिळतं, म्हणून जुनं माझ्याकडे राहिलं. नोकरीतून सुटल्यावर मी ते सगळं घासूनपुसून, तेल लावून, सोप्याच्या भिंतीशी ओळीनं मांडलं. सरकवणं म्हणजे उचलणं नव्हे, अशी मी माझी समजूत घातली. बिदरच्या कॉलेजातली पोरं येऊन फोटो काढून गेली. "अक्काचा संग्रह" असं गाव म्हणायला लागलं आणि खरं सांगते, मला ते आवडायला लागलं. भिंत भरत चालली की मला बरं वाटायचं. प्रत्येक नव्या वस्तूमागे कुणाचं तरी हाड मोडलेलं असायचं, तरी बरं वाटायचं.

त्या भिंतीवर बंदूक नव्हती.

गावात एक रायफल होती. तीनशे पंधरा बोअरची, सरकारी कारखान्यातली, पण घडण हुबेहूब जुन्या पोलिसांच्या थ्री-नॉट-थ्रीची. आक्रोडाचा लांब दस्ता थेट नळीच्या तोंडापर्यंत आलेला, पितळी कडी, कातडी पट्टा आणि मागे ओढला की दुधाच्या साईवरून चमचा फिरावा तसा सरकणारा बोल्ट. माझी स्वतःची दुनळी आहे, म्हणजे होती. नवऱ्यामागे पीक राखायला म्हणून माझ्या नावावर झालेली. ती ठोकळ्यासारखी. रायफलीकडे बघितलं की माझी बोटं शिवशिवायची. दर नवमीला टिळा लावताना बोट तिच्या दस्त्यावर जरा जास्तच रेंगाळायचं.

रायफलीचा मालक उसाचा बागायतदार. चाळिशीतला, उंचापुरा, उजव्या मनगटात जाड पोलादी कडं. दर पौर्णिमेला न चुकता गाणगापूरला जाणार, येताना अख्ख्या गल्लीला प्रसाद वाटणार. रानडुकरं मारतो म्हणून लोक त्याला मानायचे. मारायचा हे खरं. पण मारण्याची त्याची रीत मला ठाऊक होती. आधी डुकराच्या मागच्या पायात गोळी घालायची, मग ते फरफटत ओरडत जाईल तसं मागे चालत जायचं, आणि सोबतच्यांना दाखवत दाखवत संपवायचं. मी स्वतः एकदा डुकरावर दोन्ही नळ्या झाडल्या आहेत. आमच्या तुरीत त्यानं गड्याची मांडी चिरली होती आणि ते पुन्हा त्याच्यावर चालून येत होतं. जवळून छर्रे लागले, त्याचं तोंडच राहिलं नाही. संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. हा माणूस मात्र डुक्कर मारून आला की दुप्पट जेवायचा.

त्या नवमीला तो नेहमीसारखा ऐटीत आला. मागे त्याची बायको, हातात नारळ आणि हळदीकुंकवाचं ताट. कमठाण्याची पोर, माझ्या थोरल्या मुलापेक्षा लहान. बंदूक माझ्या उंबऱ्याच्या आत रिकामीच येते, हा माझा नियम. त्यानं मॅगझीन काढून खिशात घातलं, बोल्ट मागे ओढून मला दाखवला. देवापुढे वाकणार तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कारखान्याच्या कुणा साहेबाचा असावा, कारण चेहरा लगेच गोड झाला. "हां साहेब, बोला साहेब," म्हणत त्यानं मागे न बघता रायफल बायकोच्या हातात कोंबली, मानेनं देवाकडे खूण केली आणि बोलत बोलत अंगणात गेला.

ती जरा उभी राहिली. मग ताट खाली ठेवून तिनं दोन्ही हातांनी रायफल देवापुढे आडवी ठेवली. तिच्यावर हळद वाहिली, कुंकू वाहिलं. सोप्यात माणसं गच्च होती, सगळ्यांनी बघितलं. मी परातीत बोट बुडवलं आणि दस्त्यावर टिळा लावला. बोट वर घेतलं तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. तिनं काय केलंय ते तिला समजलंय, हे मला समजलं.

दुपारी बाप्ये मटणावर बसले तशी ती भांडी घासायच्या निमित्तानं मागच्या अंगणात आली.

"अक्का, ती हितंच राहू द्या."

"कामून?"

तिनं राखेचा हात पदराला पुसला. "आमचं कुत्रं आठवतंय का? तांबडं? नवऱ्यानं माझ्यावर हात उगारला की ते मधी यायचं. गुरगुरायचं. परवा त्यानं आतून बंदूक आणली. कुत्र्याला म्हनला, लई झालं तुझं. गोळी घातली, कुत्रं माझ्या पायावर पडलं. रगात धुवायला बादली त्यानंच आणून दिली मला. मग बादली ठेवून म्हनला, आता मधी कोन यायचंय?"

"तुझ्यावर झाडली का कधी?"

"दोनदा. मी पलंगावर व्हते. एक भिंतीत हाय, एक दाराच्या चौकटीत. मारायची असती तर मारली असती म्हनतो. नेम चुकत न्हाई माझा, म्हनतो. बघून ठेव, म्हनतो."

"माहेरी कामून जात न्हाईस?"

"गेलते. कमठाण्याला येऊन बापाच्या दारात बसला मांडीवर बंदूक घेऊन. निस्ता बसला, अक्का. काही बोल्ला न्हाई. बापानंच मला हात जोडले."

ती गेली आणि मी सोप्यात येऊन त्या रायफलीपुढे बसले. माझं डोकं भडकलेलं होतं, पण विचार करण्याइतकं शाबूत होतं. कुऱ्हाडीची गोष्ट वेगळी. कुऱ्हाड ठेवून घेतली तर नवरा दुसरी आणतो आणि लाजेनं गप्प बसतो. रायफल अशी बाजारातून येत नाही. ती परवान्यावर चढलेली असते, तो मागायला येणार आणि कायदा त्याच्या बाजूनं असणार. दुसऱ्याची बंदूक मी मागूनही दिली नाही तर माझा परवाना जाणार, वर खटला. मुलं पुण्याहून फोन करून माझी खरडपट्टी काढतील ते वेगळंच. आणि दिली तर? तर तिसरी गोळी भिंतीत जाणार नाही, हे मला लवंगी मिरची डोळ्यात गेल्यासारखं लख्ख झोंबत होतं.

हे सगळं खरं, पण अर्धं. उरलेलं अर्धं हे की मला ती हवी होती. भिंतीवर सासूच्या कुऱ्हाडीच्या वर, आडवी, तेल पाजलेली, मला ती दिसायला लागली होती. त्या पोरीनं गंजका विळा ठेवला असता तर मी इतकी जिवावर उदार झाले असते का, असं मी मला विचारलं. स्वतःचाच राग आला. मग त्या माणसाचा आणखी आला, की याच्यापायी मला माझ्याच घरात असले प्रश्न पडतात. उठून चूळ भरली आणि ठरवून टाकलं की द्यायची नाही.

दसऱ्याला सकाळीच माणसं आपापलं लोखंड न्यायला आली. तोही आला, सोबत फौजदाराला घेऊन. म्हणजे आदल्या दिवशीच कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं की रायफल तुझ्या हातानं ठेवलेली नाही. फौजदार कानडी, तरणा, बोलायला मऊ. बूट बाहेर काढून आत आला, देवाला हात जोडले.

"एनम्मा, हे काय ऐकतो मी? यांची रायफल यांना द्या. लायसन यांचं आहे. तुमचंही लायसन आहे, उगाच जाईल."

"मी कुठं न्हाई म्हनायले?" मी म्हटलं. "आमचा नियम हाय. जिनं ठेवली तिनं उचलावी. तिनं उचलून दिली तर मी कोन अडवनार?"

बोलताना मला मी फार हुशार वाटले. कायदाही मोडला नाही, नियमही राखला, आणि ती पोर काही उचलणार नाही, सासूसारखी बसून राहील, असं मी धरून चालले होते. सासू गेली त्याला जमाना झाला होता. सासऱ्याकडे कुऱ्हाड होती, रायफल नव्हती. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा तो हसत मागे वळला होता. बायकांच्या घोळक्यातून त्यानं तिला दंडाला धरून ओढत आणलं आणि देवापुढे ढकललं. तिचे गुडघे फरशीवर आपटले, तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

"ऐकलीस ना अक्का काय म्हनायली? उचल."

कुणी हललं नाही. मीही नाही. मीच तिला तिथं आणून बसवलं होतं.

तिनं रायफल उचलली. उठून उभी राहिली. त्यानं हात पुढे केला. ती त्याच्या हाताला वळसा घालून फौजदारापुढे गेली आणि रायफल त्याच्या हातावर ठेवली.

"साहेब, मी ठेवली, मीच उचलली. ही तुमाला देते. हिच्यानं यानं आमचं कुत्रं मारलंय. माझ्यावर झाडलीय. गोळी घरात भिंतीत हाय, आत्ता चला, दावते. परत याला दिलीत तर मी मेले म्हनून समजा. सगळं गाव ऐकायलंय."

फौजदार काही बोलायच्या आत नवऱ्यानं मारलं. कड्याच्या हातानं, सगळं अंग लावून, तिच्या तोंडावर. जबडा मोडल्याचा आवाज ओली फांदी मोडल्यासारखा आला. ती आपट्याच्या पानांच्या ढिगात पडली आणि तिच्या तोंडातून रक्ताबरोबर दोन दात बाहेर आले. त्यानं तिच्या पोटात लाथ घातली. दुसरी घालायला पाय मागे घेतला.

माझ्या हाताला सगळ्यात जवळ सासूची कुऱ्हाड होती. सासूशिवाय कुणी तिला उचलायचं नव्हतं. मी उचलली आणि त्याच्या उजव्या कोपरावर घातली. पातं बसलं नाही, मागचा तुंबा बसला. लोक म्हणतात, अक्कानं विचार करून तुंब्यानं मारलं. विचार कसला? हातात आली तशी बसली. पातं आलं असतं तर पातं बसलं असतं. कोपर उलट्या बाजूला वाकलं. तो जनावरासारखा ओरडून कोयत्यांच्या ओळीवर पडला. मी पुन्हा कुऱ्हाड वर केली होती. फौजदारानं रायफल टाकून मला मागून मिठी मारली. "अम्मा, साकु! साकु!" पुरे, पुरे, असं तो माझ्या कानात ओरडत होता. मला पुरेसं झालं नव्हतं.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. त्याच्यावर एक खटला, माझ्यावर एक. फौजदारानं डोळ्यांनी पाहिलेलं असल्यामुळे दोन्ही पक्के. बिदरला दोघंही तारखांना जातो, कधी कधी एकाच बसमध्ये. त्याचा हात आता कोपरात सरळ होत नाही, भाकरी डाव्या हातानं खातो म्हणे. गाणगापूर सुटलेलं नाही. रायफल पोलिसांच्या कोठडीत पडून आहे आणि तिच्याबरोबर सासूची कुऱ्हाडही, मुद्देमाल म्हणून. माझा परवाना गेला, दुनळी जमा झाली. मुलांनी खरडपट्टी काढली. पश्चात्ताप म्हणाल तर नाही. आणि ती रायफल आजही डोळ्यांपुढे आली की भिंतीवर कशी दिसली असती हे मनात येतंच, तेही लपवत नाही.

पुढच्या नवमीला काही घरांनी आमच्याकडे लोखंड पाठवलं नाही. नियमाच्या आडून अक्का बाप्यांना ठोकते, असं बोलणं झालं. बोकड मात्र एका घावात पडला. परात भरली आणि मी टिळे लावत ओळीनं सरकत गेले. जिथं सासूची कुऱ्हाड असायची, तिथं मोकळी फरशी होती.

तेवढ्यात ती आली. कमठाण्याहून, एकटी, बसनं. जबडा एका बाजूला बसलेला, म्हणून शब्द ओले आणि वाकडे यायचे. तिनं पदराची गाठ दातांनी सोडायचा प्रयत्न केला, जमलं नाही, मग नखांनी सोडली. त्या मोकळ्या फरशीवर तिनं एक गोळी ठेवली. तोंडाला चपटी झालेली, तिच्यात लाकडाचे धागे अडकलेले.

"ही चौकटीतली?" मी विचारलं. "पोलिसांना दिली न्हाईस व्हय?"

"भिंतीतली त्यांनला दिली. ही माझी हाय. सुरीनं खणून काढली."

मी परातीत बोट बुडवून टिळा लावला. गोळी एवढीशी की बोटाखाली ती सगळीच झाकली गेली.

दसऱ्याला ती पुन्हा आली. ज्याचं त्यानं उचललं, भिंतीशी नेहमीचं तेवढं राहिलं. ती गोळीपुढे उभी होती.

"उचलायलीस का?" मी म्हटलं.

"न्हाई, अक्का. राहू द्या हितंच," ती म्हणाली. "ही मला लागायची व्हती."